मूठभर कोंड्याचं रक्त

शहापूरहून किन्हवलीला जाणारी मोटार कोळशावर चालायची, म्हणजे चढ नसेल तेव्हा चालायची. लढाईपायी पेट्रोल मिळेनासं झालं तसा तिच्या पाठीवर एक उंच, काळा, धुमसता डबा बसवला होता. चढ आला की ड्रायव्हर मागे वळून नुसतं बघे, आणि लोक मुकाट्याने उतरून ढकलायला लागत. तिकीट तेवढंच पडे.

डॉक्टर कमळाकर टिपणीस मात्र उतरले नाहीत. त्यांच्या मांडीवर लाकडी खोका होता, खोक्यात भाताचा कोंडा, कोंड्यात बर्फ आणि बर्फात करंगळीएवढ्या दोन बाटल्या. बर्फ कल्याणहून आगगाडीने आसनगावला आला होता, आणि आता उरलासुरला डॉक्टरांच्या पाटलोणीतून झिरपत होता. महिनाभर वाडीवाडी हिंडून ते देवी टोचत होते. अंगात थकवा असा मुरला होता की मांडी गार पडली तर त्यांना ते बरंच वाटलं. वय अठ्ठावीस, म्हाताऱ्या बाया मात्र त्यांना पाहून डोक्यावर पदर घ्यायच्या.

खिशात फौजदार राऊळांची चिठ्ठी होती. ‘दोन बाया, एक मूल. मुंबईत शिकलेल्या विद्येचा उपयोग होणार असेल तर यावे. होणार नसेल तरी यावे, मी कंटाळलो आहे.’

चव्वेचाळीस सालचा पौष सरत आला होता. खाचरांत भाताचे सड तेवढे उरले होते. किन्हवलीच्या चावडीत राऊळ बूट काढून, पाय बाकावर घेऊन बसले होते. तारा तोडणाऱ्यांच्या मागे दोन वर्षं रानोमाळ पळून त्यांची टाच कायमची दुखावली होती.

“या डॉक्टर,” ते म्हणाले. “ही म्हणते पोर माझं. ती म्हणते पोर माझं. पोराचं काहीच म्हणणं नाही.”

भिंतीशी लहानी बसली होती आणि तिच्या मागे तिचा नवरा धाकलू. दोघं खर्डीच्या वरच्या बोरपाड्याची. समोरच्या खांबाशी मुरबाडकडची देवकी, आणि तिच्या मांडीवर वर्षा-दीडवर्षाचं पोर. पोराचं नाव धोंडी. नावाबद्दल दोघींचं एकमत होतं, बाकी कशाबद्दलच नव्हतं.

दोघी रानात कोळशाच्या भट्टीवर एकत्र कामाला होत्या, एका भाकरीतल्या मैत्रिणी. लहानीची फिर्याद अशी, की देवकीने भट्टीवरून पोर पळवलं. वर्षभर शोधल्यावर धाकलूने तिला म्हशाच्या जत्रेत, बैलबाजारात, पोरासकट धरलं. देवकीचं म्हणणं, पोर माझ्या पोटचं. नवरा मुंबईला गोदीत गेला तो गेलाच, सुईण तापाने मेली, आता साक्षीला कोण आणू?

“लहानी खरी असेल तर देवकी तुरुंगात,” राऊळ म्हणाले. “देवकी खरी असेल तर ही दोघं खोट्या फिर्यादीबद्दल आत. जी बाहेर राहील तिच्या कडेवर पोर. चालू करा.”

डॉक्टरांनी पांढरी चिनी मातीची फरशी पुसली आणि थकलेल्या आवाजात सांगितलं, “रक्ताच्या जाती चार. या बाटल्या दोन. पहिलीच्या थेंबात रक्त फाटलं तर ए, दुसरीच्या थेंबात फाटलं तर बी. दोन्हींत फाटलं तर एबी. कशातच नाही फाटलं तर ओ. ओ आईला एबी मूल होत नाही, एबी आईला ओ मूल होत नाही. आईबाप दोघं ओ असले तर मूल ओच.”

“आणि झालं तर?”

“होत नाही.”

“डॉक्टर, माझ्या नोकरीत न होणाऱ्या गोष्टीच जास्त होतात,” राऊळ म्हणाले आणि टाच चोळू लागले.

लहानीचं बोट टोचलं. दोन्ही थेंब नितळ गुलाबी राहिले. ओ. धाकलूचंही तसंच. देवकीच्या रक्ताला दोन्हीकडे दाणे धरले, नासक्या दुधासारखे. एबी. मग पोर. सुई टोचल्यावर धोंडी रडला नाही. त्याने बोटावरच्या थेंबाकडे पाहिलं आणि मग डॉक्टरांकडे पाहिलं, दुकानदार खोटं नाणं परत करताना बघतो तसं.

थेंब फाटले. दोन्ही.

“एबी,” डॉक्टर म्हणाले. “मूल लहानीचं नाही. असूच शकत नाही.”

लहानीने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली, भाव पटल्यासारखी.

राऊळांनी बूट पायांत ओढले. काम संपलं होतं. डॉक्टर फरशी धुवायला वळले, तेवढ्यात त्यांची नजर धाकलूच्या कानावर गेली. डाव्या कानाच्या पाळीला जन्मतःच एक खाच होती, उंदराने कुरतडल्यासारखी. देवकीच्या मांडीवरच्या पोराच्या डाव्या कानालाही तीच खाच, त्याच जागी.

“थांबा,” डॉक्टर म्हणाले. “औषध नासलं असेल.”

त्यांनी स्वतःचं बोट टोचलं. बी, शिकताना निघालं होतं तसंच. राऊळांचं टोचलं. ए.

“याचा पगारावर काही परिणाम?” राऊळांनी विचारलं.

औषध ठणठणीत होतं. पोराचं परत पाहिलं. एबी.

“रगत बरोबर हाय, दादा,” लहानी म्हणाली. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच बोलत होती. “पोर माझं हाय, पन रगत तिचं हाय. मी इकला त्याला.”

खोक्यातलं पाणी थेंब थेंब जमिनीवर पडत होतं.

“माझी तीन गेली. बारशाच्या आधीच. मंग म्हातारी मानसं बोलली, हा चौथा तुझा ठेवू नको. त्याला सुपात घातला, उकिरड्यावर ठेवला, बोलले, मला नको हा धोंडा. हिनं उचलला, माझ्या हातावर मूठभर कोंडा ठेवला. झाला हिचा. चार दिसांनी मी कोंडा देनार आन् परत घेनार, असं ठरलं व्हतं. सगलीच तसं करतात, साहेब. शोधनाऱ्याला पत्ता लागत नाय, कुनाचं पोर त्या.”

“कोण शोधणारा?” राऊळांनी विचारलं.

धाकलूने दाराकडे पाहिलं आणि पाय आखडून घेतले.

“चार दिसांनी मी कोंडा घेऊन गेले,” लहानी म्हणाली, “तं खोपटं रिकामं.”

डॉक्टरांना अशा रिवाजाची माहिती होती. दवाखान्यात येणाऱ्या धोंडू, दगडू, कोंडाजी नावाच्या निम्म्या रोग्यांना कधी ना कधी कुणी तरी विकत घेतलेलं होतं. तो नावापुरता सौदा असतो, हेही त्यांना माहीत होतं.

“आता बोल गो,” धाकलू देवकीला म्हणाला. “देवाशपथ बोल. तुझ्या पोटचा हाय?”

देवकी पोराच्या टाळूवर हात फिरवत राहिली. “इकत घेतला,” ती म्हणाली. “परत देईन तं मरंल. चौथा पन जाईल. माझ्याकडं हाय तंवर त्याला साधी सर्दी नाय झाली. चोरी करायला मी काय येडी? भाकर नाय, त्यात पोर चोरू?”

राऊळांनी बूट परत काढले. “म्हणजे गुन्हा कबूल झाला आणि शास्त्र खोटं पडलं. डॉक्टर, मामलेदारांसमोर मी काय सांगू? पोर फिर्यादीचं, पण रक्त आरोपीचं?”

“रक्त असं जात नाही,” डॉक्टर म्हणाले. “कोंड्याने तर नाहीच.”

“मंग बघा ना,” लहानी म्हणाली.

हे सगळं हास्यास्पद होतं, आणि डॉक्टर इतके दमले होते की हास्यास्पद गोष्टीला नाही म्हणायचाही जोर त्यांच्यात उरला नव्हता. राऊळांनी शिपायाला सूप आणायला पिटाळलं. कोंडा डॉक्टरांच्याच खोक्यात होता, बर्फाभोवतीचा. वरचा कोरडा कोंडा लहानीने मुठीत घेतला. चावडीच्या मागच्या उकिरड्यावर सूप ठेवलं, सुपात धोंडीला बसवलं. देवकीने डोळे मिटून हात पुढे केला. लहानीने तिच्या हातावर कोंडा ओतला आणि पोर उचललं.

सगळे चावडीत परत आले आणि डॉक्टरांनी टोचलं. दोन थेंब, दोन्हींत रक्त, काडीने ढवळलं, फरशी हलवली. त्यांनी वाट पाहिली. मग आणखी वाट पाहिली.

थेंब नितळ गुलाबी राहिले. ओ.

“दुसरं बोट,” डॉक्टर म्हणाले.

ओ.

“झालं की,” राऊळ म्हणाले, पण त्यांच्या आवाजातली मजा गेली होती.

मागच्या पिंपळावर कावळे होते. ते गप्प झाले हे डॉक्टरांच्या उशिरा लक्षात आलं. लहानीच्या कडेवर धोंडीची मान कलली. ओठ जांभळट दिसत होते. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला तर ते गार, बर्फातून काढलेल्या बाटलीसारखं गार आणि ओलसर.

बाहेरच्या रस्त्यावरून एका बाईचा आवाज आला. म्हातारा, घसा बसलेला, दिवसभर दारोदार तेच विचारून कंटाळल्यासारखा.

“धाकलूचं बिऱ्हाड कंचं गो?”

किन्हवलीत धाकलूचं बिऱ्हाड नव्हतं. किन्हवलीत धाकलूला कुणी ओळखतही नव्हतं. तो बाहेर धावला, मागोमाग शिपाई. दोघं लगेच परत आले.

“रस्ता मोकळा हाय, साहेब,” शिपाई म्हणाला. “बैलगाडी बी नाय.”

“धाकलूचं बिऱ्हाड कंचं?” आवाज म्हणाला. आता तो चावडीच्या भिंतीला लागून होता.

लहानीने दोन्ही हातांनी पोर छातीशी दाबलं. देवकी उठली. तिने हातातला कोंडा तसाच लहानीच्या ओटीत फेकला, पोर हिसकावलं आणि खांबाच्या मागे जाऊन बसली. कावळे ओरडू लागले. धोंडीने एक शिंक दिली आणि देवकीच्या गळ्यातले मणी तोंडात घातले.

डॉक्टरांनी खांबामागे जाऊन, गुडघ्यावर बसून, पुन्हा टोचलं. एबी. त्यांना याचं नवल वाटलं नाही, आणि नवल वाटलं नाही याची त्यांना भीती वाटली.

“बघितला?” देवकी म्हणाली. “आता घाला मला तुरुंगात. तिकडं पन नेईन त्याला.”

“तुरुंगात पोर नेता येत नाही, बाई,” राऊळ हळूच म्हणाले. “तू आत गेलीस की पोर हिच्याकडे. नाही तर ही दोघं आत, मग त्यांच्या घरी चूल पेटवायला कुणी नाही. मी काय करू सांग. मला इथून लवकर जायचंय.”

दुपार कलली होती. बर्फाचा बोराएवढा खडा राहिला होता. बाटल्या अजून एकदाच कामाला येणार होत्या. डॉक्टर म्हणाले, “शेवटचं. मुलाला लहानीकडे द्या, मी बघतो, मग काय लिहायचं ते ठरवतो. तेवढ्यात काही झालं तर देवकी लगेच परत घेईल.”

“मी तिच्या हातानं कोंडा घ्यायची नाय,” देवकी खांबामागून म्हणाली. “ती जवल आली की शोधनारं येतं.”

“मंग मरा,” धाकलू म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

लहानी उठली. खोक्यातला उरलेला कोंडा तिने चिमटीचिमटीने गोळा केला, डॉक्टरांचा उजवा हात धरला, बोटं उलगडली आणि तळव्यावर तो ओतला. कोंडा ओला आणि गार होता.

“तुमी द्या, दादा,” ती म्हणाली. “तुमचं ती ऐकंल.”

डॉक्टरांनी तो देवकीच्या तळहातावर ठेवला. देवकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून लहानीकडे पाहिलं. दोघी मैत्रिणी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या, भट्टीवर मुकादमाच्या पाठीमागे बघत असतील तशा. मग देवकीने पोर डॉक्टरांच्या हातात दिलं.

धोंडी वजनाला चांगला होता. डॉक्टरांनी त्याला कडेवर घेतलं आणि एका हाताने थेंब टाकले. आजवर हजार वेळा केलेलं काम होतं ते.

पहिला थेंब नितळ राहिला.

दुसरा फाटला.

बी.

डॉक्टरांनी फरशी उजेडाकडे धरली. मघाचे त्यांचे स्वतःचे थेंब कोपऱ्यात वाळून गेले होते. तेच.

कावळे ओरडत होते.

खिडकीखाली तो आवाज सुरू झाला. “धाकलूचं...”

आणि थांबला.

बराच वेळ तो थांबलेलाच राहिला, पत्ता चुकलेलं माणूस चौकात थांबतं तसा. मग रस्त्यावरून काही तरी फरफटत दूर गेलं, मुरबाडच्या दिशेने, आणि वळणावर त्याने परत शहापूरची दिशा धरली.

“लहानी,” डॉक्टर म्हणाले. “कोंडा दे. घे हा परत.”

“नको,” लहानी म्हणाली.

“म्हणजे काय?”

“असू द्या तुमचा, दादा. वाढंल आमच्या घरात. दूध आमचं, भाकर आमची, गू-मूत आमी काढू. तुमाला काय तरास नाय.” तिने हात पुढे करून पोर घेतलं, कोंडा न देता, आणि ते मजेत तिच्या कडेवर गेलं. ओठ लालच राहिले. “तुमी शिकलेली मानसं. तुमाला कोन काय करंल?”

“देवकी, तू?”

“मी पन तिकडंच जाते ऱ्हायला,” देवकी पदराने नाक पुसत म्हणाली. “तिला तीनदा नाय जमलं एकटीला.”

“एकटीला काय, भवाने,” लहानी म्हणाली आणि तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन देवकीला जागा करून दिली. त्या दिवशी त्या दोघी पहिल्यांदाच एकमेकींशी बोलत होत्या.

राऊळांनी फिर्याद मागे घेतल्याचा कागद केला आणि डॉक्टरांपुढे दुसरा कागद सरकवला. डॉक्टरांनी लिहिलं: मुलाचे रक्त ओ, लहानी व धाकलू यांचे ओ, मूल त्यांचे असण्यास बाध येत नाही. यात खोटं काहीच नव्हतं. फक्त रक्त कधीचं, ते त्यांनी लिहिलं नाही.

“तुमचं लग्न व्हायचंय ना अजून?” राऊळांनी सही घेताना विचारलं. “मुलीकडच्यांना हे सांगू नका.”

मोटार परतीला उताराने आली. कोणालाच ढकलावं लागलं नाही.

शहापूरच्या दवाखान्यात पुढे नेहमीसारखंच चाललं. खरूज, गळवं, हिवताप. धाकलू अधूनमधून येई, रानातला मध किंवा करवंदं ठेवून जाई. पोर चालायला लागलं, पोर आंबील खातं, देवकीला माय म्हणतं, लहानीलाही माय म्हणतं. डॉक्टर मान डोलवत. त्यांनी नव्या बाटल्या मागवल्या नाहीत.

उन्हाळ्यात एकदा, भर दुपारी, रोग्यांची रांग ओसरीबाहेर गेली होती. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. टेबलाच्या कडेवर एक हात येऊन टेकला, म्हाताऱ्या बाईचा, नखांत चिखल भरलेला. चैत्रात तालुक्यात कुठे चिखल नव्हता.

“काय होतंय?”

“काय नाय. इचारायला आले.” आवाज बसलेला होता. “बोरपाड्याला एक पोर हाय. धाकलूच्या घरात हाय, पन धाकलूचं नाय. मुरबाडच्या बाईचं पन नाय. मी लय फिरले. कुनाचं हाय त्या?”

डॉक्टरांची लेखणी थांबली. शास्त्राला धरून उत्तर द्यायचं तर ‘मला माहीत नाही’ एवढंच देता आलं असतं. वर बघितलं असतं तर त्यांनी तेच दिलं असतं. ते कागदाकडेच बघत राहिले.

“माझं,” ते म्हणाले.

हात थोडा वेळ तिथेच राहिला.

“बरं,” बाई म्हणाली. “मंग बसते. तुमी नाय बोलाल तंवर.”

त्यांनी मान वर केली तेव्हा समोर गोमा न्हावी सुजलेला अंगठा घेऊन उभा होता. त्याच्या पुढे कुणी नव्हतं, असं तो म्हणाला.

त्या दिवसापासून ओसरीवरच्या बाकावर भिंतीकडच्या टोकाला एका माणसाची जागा मोकळी राहू लागली. रोगी उन्हात उभे राहत, पायरीवर बसत, एकमेकांच्या मांडीवर पोरं देत. तिथे मात्र बसत नसत. डॉक्टरांनी एकदोघांना विचारलं. ते म्हणाले, “कोन तरी बसलंय ना,” आणि मग बाकाकडे बघून गोंधळले. संध्याकाळी दार लावताना डॉक्टर त्या टोकाकडे न बघता “माझाच आहे” असं म्हणत, आणि घरी जात. एकदा तापात पडून होते, तर दवाखान्याच्या शिपायाकडून निरोप पाठवला. शिपायाने कुणाला सांगायचं म्हणून विचारलं. “बाकाला,” डॉक्टर म्हणाले. शिपायाने तो निरोप दिला. दुसरं काही विचारलं नाही, पण त्या आठवड्यात त्याने बदलीसाठी अर्ज केला.

बदली डॉक्टरांची झाली. लढाई संपता संपता हुकूम आला, थेट विजापूर जिल्ह्यात. त्यांनी सामान बांधलं, धाकलूला बजावलं की पोराला जप, आणि दोन दिवस धूळ खात, गाड्या बदलत एका लहानशा गावी पोचले. तिथे मराठी कुणाला येत नव्हती. त्यांचं नावही कुणाला धड उच्चारता येत नव्हतं. नवा डॉक्टर आला म्हणून पहिल्याच सकाळी सगळं गाव लोटलं. माणसं ओट्यावर होती, झाडाखाली होती, कुंपणावर चढून बसली होती, आणि एक गरोदर बाई भिंतीला धरून कशीबशी उभी होती.

तिच्या शेजारी बाक होता, नवा, कालच सुताराने आणून ठेवलेला. त्याच्या भिंतीकडच्या टोकाला एका माणसाची जागा मोकळी होती, आणि तिच्या बाजूला बसलेला म्हातारा जास्त जागा करून द्यावी म्हणून अदबीने सरकत होता.